घराजवळचं हॉस्टेल

"आई, तिथं काही बोलू नका हं," अंजलीनं टॅक्सीतच बजावलं.

"मी कशाला बोलू? मी आपली बघायला चाललेय," हिराताई म्हणाल्या.

बोलायचं ते त्यांनी आठवडाभर बोलून घेतलं होतं. मुलगा उज्ज्वल आणि सून अंजली, दोघंही कामासाठी कायम फिरतीवर. म्हणून अकरा वर्षांच्या दर्शूला निवासी शाळेत ठेवायचं घाटत होतं. शाळा या परक्या देशातल्या त्यांच्या बुओना व्हिस्टाच्या घरापासून एमआरटी मेट्रोनं चार स्टेशनं. रोज जाऊन-येऊन शिकायचीही सोय होती.

"मग हॉस्टेल कशाला? मी आहे ना घरात! मी हॉस्टेलात राहिले, कारण गावच्या शाळेत आम्हाला दाराशी बसवायचे. औरंगाबादच्या वसतिगृहात पहिल्यांदा सगळ्यांच्या माठातलं पाणी माझ्या हातानं घेऊन प्याले. तुमच्या पोरीचं काय अडलंय?"

दर्शूला मात्र हॉस्टेलच हवं होतं.

खरी भीती हिराताईंनी कुणाला सांगितली नव्हती. सकाळी डोळे चोळत दर्शू "जय भीम, आजी" म्हणायची. तिथं कुणाला म्हणणार? विसरून जाईल. उज्ज्वल विसरलाच होता की! कुणी मूळ विचारलं, तर "मराठवाड्याकडचे" म्हणून मोकळा व्हायचा.

वॉर्डन मिस लिम यांनी खोल्या दाखवल्या, जेवणघर दाखवलं आणि सगळ्यांना ऑफिसात बसवलं.

"रविवारी आम्ही मुलींना त्यांच्या त्यांच्या देवळात नेतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही हिंदू ना?"

"येस, येस," उज्ज्वल चटकन म्हणाला.

"नो लाह, पप्पा!" दर्शू इथल्या बोलीत म्हणाली. "वुई आर बुद्धिस्ट."

मिस लिम खूश झाल्या. अंजलीकडे निरखून बघत म्हणाल्या, "ओह! मदर चायनीज?"

इथले बौद्ध बहुतेक चिनीच; अंजलीला हसू आवरेना. उज्ज्वल मराठीत पुटपुटला, "दर्शू, गप्प बस. हिंदू म्हटलं की विषय संपतो. उगाच समजावत बसावं लागतं."

"मग मी समजावते ना!" दर्शू उठून उभीच राहिली. "मिस, माझ्या आजीला शाळेत दाराशी बसवायचे. म्हणून बाबासाहेबांनी लाखो लोकांना घेऊन बुद्धाचा धर्म घेतला. त्यांचा फोटो मी खोलीत लावणार. आणि चौदा एप्रिलला मला घरी सोडायचं, आमचा सण असतो. कॅन?"

"कॅन," मिस लिम म्हणाल्या. त्यांचं हसू थांबलं होतं, पण नजर मऊ होती.

"आई, तू तरी सांग हिला," उज्ज्वल कळवळला.

"मला बोलायला बंदी आहे ना?" हिराताईंनी सुनेकडे पाहिलं. अंजलीनं मान खाली घातली. "तरी सांगते. पोरीला इथं राहू दे. जगात कुठंही ठेव, ही बुडायची नाही. मी घरीच राहते. तिथं एक विद्यार्थी कच्चा आहे."

दर्शूनं आजीच्या गळ्यात हात टाकले.

"सो, सर?" मिस लिम यांनी पेन उचललं. "काय लिहू?"

उज्ज्वलनं अंजलीकडे पाहिलं, मग आईकडे. दोघींपैकी कुणीच मदतीला आलं नाही. तो काहीतरी बोलला, पण इतकं हळू की मिस लिम यांना पुढं वाकावं लागलं.

"मोठ्यानं सांग," हिराताई म्हणाल्या, "मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं पाहिजे."