नेम चुकला त्याचं कारण

तेल्हाऱ्याकडच्या गावांत रानडुकरं माजली, की सहदेवला बोलावणं यायचं. विलायतेला परत जाताना एका साहेबानं त्याला आपली रायफल दिली होती आणि परवानाही करून दिला होता. नळीच्या आत पेच कोरलेले. आधी दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, असं सारं तोंडाकडून ठासायचं. दहा वर्षांत तिचा बार क्वचितच वाया गेला होता.

अमेरिकेत लढाई पेटली, कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि ज्वारीची वावरंही कपाशीखाली गेली. उरल्यासुरल्या ज्वारीवर डुकरं तुटून पडू लागली. कार्तिकात खुशालराव पाटलांच्या वावरात सहदेवनं एका सुळेवाल्या डुकरावर बार टाकला. जनावर साठ पावलांवर आडवं उभं होतं. गोळी खांद्यात बसायची, ती मागच्या पायात शिरली. चवताळलेलं डुक्कर बांध ओलांडून शेजारच्या वावरात घुसलं. तिथं नत्थुजी कणसं खुडत होता. त्याची मांडी गुडघ्यापासून वर फाटली. जीव वाचला, पण पाय कायमचा आखडला.

सहदेवचा डोळा गेला, असं गाव म्हणू लागलं. पन्नाशी उलटलेल्या सहदेवनंही ते मान्य केलं. बायको पार्बताबाईनं त्याच्या हातात सुई दिली. त्यानं ती एका दमात ओवली, तरी त्याचं मन पालटलं नाही. महिनाभरानं रायफल गोणपाटात गुंडाळून तो अचलपूरला निघाला. तिथं इनायतुल्ला बंदुका दुरुस्त करायचा, जुन्या विकतही घ्यायचा.

इनायतुल्लानं नळी उजेडाकडे धरून पाहिली. "पेच तर साबूत आहेत. विकतोस काहून?"

"डोया गेला, चाचा. नेम लागत नाई."

"डोया गेला का बंदूक गेली, हे पायल्याशिवाय मी पैसे देत नसतो."

गावाबाहेरच्या पडीत कापसाचं एक दाबून भरलेलं बोचकं ठेवलं, त्यावर रायफल टेकवली आणि ऐंशी पावलांवर फळी उभी केली. हात हलायला वाव नको म्हणून ही तजवीज. सहदेवनं नेहमीसारखी मुठीच्या अंदाजानं दारू ओतली आणि पाच बार टाकले. एक गोळी फळीला लागलीच नाही. बाकीच्या हातभर पसरल्या.

"पाह्यलं ना?" सहदेव म्हणाला.

इनायतुल्ला फळीकडे न जाता गवतात वाकून बारासोबत उडालेल्या चिंध्या वेचत बसला. एक जाड, नुसती काळवंडलेली. दुसरी विरविरीत, मधोमध जळून भोक पडलेली. तिसरी कसल्याशा रंगीत कापडाची.

"हे कायचं कापड?"

"भेटंल ते. पयले बायकोच्या जुन्या लुगड्याचं वापरत होतो. आता कापूस सारा मुंबईले जाते, कापड महाग झालं. जुनं लुगडंच आता ती नेसते."

"अन् गोळ्या?"

"घरीच ओततो. चुलीवर."

इनायतुल्लाकडे सोनाराचा तराजू होता. त्यानं सहदेवच्या वीस गोळ्या एकेक करून तोलल्या. सात हलक्या निघाल्या, काही तर तीन-चार गुंजांनी. त्यातली एक त्यानं छिन्नीनं चिरून दाखवली. पोटात मुगाएवढी पोकळी होती.

"शिसं नीट तापलं नाही की असं होते. अशी गोळी सरळ जात नसते. त्यात चिंधी जाड-पातळ, दारू कमी-जास्त. डोया काय करंल याच्यात?"

पुढचे दोन दिवस सहदेव तिथंच राहिला. शिसं लाल कोळशावर तापवून गोळ्या ओतल्या आणि समान वजनाच्या तेवढ्या ठेवल्या. दारूसाठी बांबूचं माप कापलं. आधी कमी दारू, मग दोन-दोन गुंजा वाढवत प्रत्येक मापाचे पाच बार टाकले. एका कोष्ट्याकडून हातभर घट्ट विणीचं कापड आणलं. प्रत्येक बारानंतर नळी पुसायची, आणि गोळी तळाला बसली की ठासायचा गज कुठवर जातो, तिथं गजावर खूण केलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही गोळ्या तळहाताखाली झाकल्या जातील एवढ्या जवळ बसल्या. आणखी दोन गुंजा दारू वाढवली, तर त्या पुन्हा फाकल्या. मग ती वाढ काढून टाकली.

"आता विकतोस?" इनायतुल्लानं विचारलं.

सहदेवनं नकाराची मान हलवली. तो फळीकडे पाहत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. वय झालं असतं, तर त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण हे त्याच्या हातचं होतं. साहेबानं रायफल देतानाच त्याला गोळ्या तोलायला सांगितलं होतं. दोन-चार वर्षं त्यानं तोलल्याही. मग नेम लागतच गेला आणि त्यानं सोडून दिलं.

पौषात ते लंगडं डुक्कर हरभऱ्यात आलं. सत्तर पावलांवरून सहदेवनं एक बार टाकला. डुक्कर जागीच बसलं आणि कुशीवर कललं. लोक जमले, खुशालराव पाटलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. डोळा परत आला, असं कुणीतरी म्हणालं. सहदेव नळी पुसू लागला.

संध्याकाळी तो नत्थुजीकडे गेला. नत्थुजी ओसरीवर पाय पसरून बसला होता. त्याची बायको मैनाबाई दाराशी उभी राहिली.

"डुक्कर मेलं," सहदेव म्हणाला. "अन् माहा डोया गेलाच नव्हता. गोळी पोकळ असंल नाई तं चिंधी विरलेली. मी तोललीच नव्हती."

नत्थुजीनं आखडलेल्या पायावरून हात फिरवला.

"डोये गेले असते तुये, तं बरं होतं," तो म्हणाला. "मी नशिबाले बोल लावून मोकया झालो होतो. हे मले सांगाले काहून आला?"

 सहदेव आल्या पावली परत फिरला.

उन्हाळ्यात त्यानं आपली बैलजोडी नेऊन नत्थुजीचं वावर वखरलं. मैनाबाईनं नको म्हटलं नाही. मृगात पेरणीही त्यानंच केली, आणि पुढच्या वर्षीही. नत्थुजी बांधावर काठी घेऊन बसायचा. पेरणीचं तास वाकडं गेलं की तेवढं सांगायचा. एरवी बोलायचा नाही.