जपून ठेवलेलं काडतूस

मी एक काडतूस आहे. उडालो नाही म्हणून बोलतोय. जे उडाले ते बोलत नाहीत. त्यांचं काम झालं.

सध्या मी नेमबाजीच्या क्लबात, भिंतीकडेच्या लाल डब्यात पडून आहे. डब्याच्या तळाला वाळू आहे. झाकणावर कुणीतरी खडूने 'फुसके' असं लिहिलंय. माझ्या बुडाच्या काठावर एक बारीक खळगा आहे. चाप ओढला की काडतुसावर आदळणारी रायफलीची टोची तिथे बसली होती, अगदी जिथे बसायला हवी तिथेच. चूक तिची नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलणं जरा सोपं जाईल.

मी फार मोठा नाही. करंगळीच्या पेराएवढा. खाली पितळेची पुंगळी, वर शिशाची गोळी. माझ्या जातीच्या वाट्याला शिकार नाही, लढाई नाही. पन्नास मीटरवर एक कागद असतो, कागदावर काळं वर्तुळ, त्याच्या मधोमध एक ठिपका. त्या ठिपक्यात भोक पाडायचं, एवढंच आमचं आयुष्य. तेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपणारं. पण त्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

कारखान्यात माझ्या बुडाच्या काठात ठोका बसला की पेटणारा मसाला ओला असताना भरला, तो वाळू दिला, मग दारू, मग शिसं. शेवटी एका बाईने मला दिव्याखाली बोटाने गडगडवून पाहिलं आणि म्हणाली, "हं, चांगला आहेस." तिने दिवसभरात हजारोंना तेच म्हटलं असेल. पण मला ते माझ्यापुरतं वाटलं. तेव्हापासूनच मला स्वतःबद्दल जरा जास्त वाटायला लागलं असावं.

पन्नास जण एका डब्यात बसून आम्ही दुकानात आलो. एका वेळी बनलेल्या काडतुसांना कारखाना एकच आकडा देतो. दुकानदार त्याला 'घाणा' म्हणायचा. "हा घाणा बरा आहे, तो जरा वरखाली मारतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ती मान डोलवायची. प्रत्येक रायफलीला कुठलातरी एकच घाणा मानवतो. का, ते रायफललाच ठाऊक.

पूर्वी म्हणे आमच्या डब्यांची चळत छतापर्यंत जायची. मी आलो तेव्हा फळी अर्धी रिकामी होती. कारखान्यांनी मोठ्या काडतुसांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. कागदाला भोक पाडणारी आमच्यासारखी मागे पडली. भावाच्या पाटीवर दर आठवड्याला खाडाखोड व्हायची.

"अहो, परवाचा भाव आज खोडलात?" एक टॅक्सीवाले भाऊ विचारत होते.

"परवाचा भाव परवाच घ्यायचा होता," दुकानदार म्हणाला.

"मग उद्याचा सांगून ठेवा."

"उद्या माल असला तर सांगतो. नसला तर फुकट घेऊन जा."

भाऊ हसले आणि एकच डबा घेऊन गेले.

मला नेलं ते फिटरकाकांनी. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. आता निवृत्त. बोटं जाड, पण वस्तू उचलायची ती पाखराचं पिलू उचलावं तशी. नेम धरायचे दिवस त्यांचे संपले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नेमबाज होती ती त्यांची सून. मुलगा परगावी नोकरीला. घरात हे दोघंच. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काकांनीच तिला रायफल धरायला शिकवली होती, आणि क्लबात सगळे तिला सूनबाईच म्हणायचे.

आमच्या घाण्यातला एक डबा तिने आधी नेला होता. त्यातल्या पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. काकांनी कागद उजेडात धरला, नाणं उचललं, परत ठेवलं.

"पोरी, हा घाणा तुझ्या रायफलीचा आहे," ते म्हणाले. "दुसरं काही घालू नकोस तिच्यात."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि उरलेले नऊच्या नऊ डबे कापडी पिशवीत घालून घेऊन आले. सूनबाईला सांगितलं, एकही मिळाला नाही.

असं का केलं, ते मला कपाटात बसल्याबसल्या पुढे कळलं. सूनबाईचा हात सढळ होता. क्लबाने तेव्हा माणशी महिन्याला एकच डबा, असं बांधून दिलं होतं. तो लोकांना आठवडाभरही पुरायचा नाही. एकदा टॅक्सीवाल्या भाऊंची काडतुसं संपली, तर हिने आपल्यातली दहा काढून दिली.

"खिरापत वाटतेस का?" काका घरी येऊन म्हणाले. "अगं, क्लबाच्या संघात तीन जागा. दोघं ठरल्यातच जमा आहेत. तिसऱ्या जागेला तू नाहीतर तो. आणि त्यालाच काडतुसं देतेस?"

"त्यांच्याकडे नव्हती, बाबा. माझ्याकडे होती."

"आता तुझ्याकडेही नाहीत."

"मग दोघांकडेही नाहीत. फिट्टंफाट झाली," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

म्हणून हे नऊ डबे लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात गेले. किल्ली काकांच्या खिशात. सूनबाई क्लबाच्या एका डब्यावर भागवायची. उरलेले दिवस ती रिकामी रायफल धरून भिंतीवरच्या ठिपक्यावर चाप ओढायची. टिक्. टिक्. कपाटाच्या पत्र्यातून मला ते ऐकू यायचं. साडेचारशे जण आम्ही आत बसलेलो, आणि बाहेर ती रिकामा चाप ओढतेय.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, आपण किती मोलाचे!

एका संध्याकाळी टॅक्सीवाले भाऊ घरी आले. चपला दारातच काढून उभे राहिले.

"काका, एक डबा असला तर द्या. आहे त्या भावाने घेतो. तीन आठवडे झाले, हातात रायफल घेतली की ती परक्याची वाटते."

"कुठला आलाय, बाबा," काका म्हणाले. "एकसुद्धा नाही."

"दहा काडतुसं? पाच?"

"असती तर तुला नाही म्हटलं असतं का?"

भाऊंनी काकांच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही, तुम्ही कशाला नाही म्हणाल," आणि चपला घालून गेले.

मी तिथून दोन हातांवर होतो. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतोय.

आता तेलाची गोष्ट.

दर रविवारी जेवणं झाली की काका कपाट उघडायचे. एकदा त्यांना एका काडतुसाच्या पितळेवर काळसर डाग दिसला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. लेथवाल्या माणसाला जगातल्या सगळ्या रोगांवर एकच औषध माहीत. त्यांनी लेथचं पातळ तेल काढलं, मऊ फडकं बुडवलं आणि आम्हा एकेकाला उचलून पुसून परत ठेवलं. नंतर दर रविवारी. चाळीस वर्षं याच तेलाने त्यांनी पोलाद राखलं होतं. काडतूस राखायला काय हरकत?

काय सांगू, त्या फडक्याखाली फार बरं वाटायचं. पुसता पुसता ते हळू आवाजात बोलायचे. "घाबरू नका. वेळ आली की तुम्हालाच काढणार. माझ्या पोरीचं नाव करायचंय तुम्हाला." मी चकचकीत व्हायचो आणि वाट पाहायचो.

तेल पातळ होतं. शिसं आणि पितळ जिथे भेटतात तिथे केसाएवढी फट असते. तिथून ते आत उतरत गेलं. एका रविवारी मला काठात गार लागलं. पुढच्या रविवारी तो गारवा जरा पसरला. मसाला भिजला की तो मेला, हे आम्हाला जन्मापासून माहीत असतं. मला तोंड नव्हतं हे खरं. पण तोंड असतं तरी मी बोललो असतो का? त्या लाडाची मला सवय लागली होती.

संघाच्या निवडीच्या दिवशी सकाळी सूनबाई निघायच्या तयारीत होती. काकांनी डबा तिच्यासमोर ठेवला. आमचाच डबा.

तिने आकडा वाचला. "बाबा, हा तर आपला घाणा. कुठून आणलात?"

"होता."

"एकच?"

काका बुटाची नाडी बांधू लागले. बांधलेली सोडली, पुन्हा बांधली.

"भाऊ आले होते तेव्हा होता?"

"उशीर होतोय, पोरी."

 तिने डबा पिशवीत टाकला. क्लबाचा डबा सरावात संपला होता. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

चाळीस गोळ्यांची फेरी. अंदाजासाठी सहा आधी मारल्या, त्या नीट गेल्या. म्हणजे डब्यात चव्वेचाळीस उरलो, चार जास्तीचे. काका मागच्या बाकावर दुर्बीण लावून बसले होते. भोकं ठिपक्याला धरून पडत होती. अकराव्या गोळीला नुसतंच टिक् झालं.

काडतूस उडालं नाही तर लगेच काढायचं नसतं. नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग बाहेर काढून लाल डब्यात टाकायचं. सूनबाई थांबली. टाकलं. पुढचं भरलं. एकोणिसाव्याला पुन्हा टिक्. पुन्हा अर्धा मिनिट. तिचे खांदे वर चढले होते ते डब्यातूनसुद्धा दिसत होते. तिसरं फुसकं निघालं तेव्हा काकांनी दुर्बीण खाली ठेवली. आपली बोटं नाकाशी नेली. मग हात पँटला पुसले, आणि पुसतच राहिले.

चौथं छत्तिसाव्याला.

एकोणचाळीस गोळ्या झाल्या तेव्हा डब्यात मी एकटा होतो. शेजारच्या पट्टीवर, म्हणजे नेम धरायच्या जागेवर, टॅक्सीवाल्या भाऊंची फेरी संपली होती, बेरीजही झाली होती. सूनबाईला या शेवटच्या गोळीत दहापैकी नऊ गुण मिळाले तर तिसरी जागा तिची. नाहीतर भाऊंची. हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

तिने मला उचललं. बोटं गार होती. नळीत सरकवलं. आयुष्यभर ज्या क्षणासाठी मला जपलं तो क्षण आला. टोची बरोबर बसली. मी सगळा जोर लावला.

टिक्.

अर्धा मिनिट मी तिथेच होतो. तेवढ्यात उडता आलं असतं तरी चाललं असतं. नाही आलं.

तिने मला बाहेर काढलं, रिकाम्या डब्यात पाहिलं, आणि मान वळवून मागे बघितलं. काकांकडे. काका बाकावरून उठले आणि तसेच उभे राहिले.

तेवढ्यात शेजारच्या पट्टीवरून एक हात आला. भाऊंनी आपलं उरलेलं एक काडतूस तिच्यापुढे ठेवलं.

"दुसऱ्याचं चालतं का हो?" त्यांनी पंचांना विचारलं.

"चालतं. दोन मिनिटं आहेत अजून."

"भाऊ, अहो, तुमची जागा..." सूनबाई म्हणाली.

"आधी मार गं. बोलायचं ते नंतर बोल. माझा चहा गार होतोय."

तिने मारलं. घाणा दुसरा. सात पडले.

 सूनबाई रायफल खाली ठेवून उठली आणि भाऊंना म्हणाली, "संघातून तुम्ही जा. पुढच्या महिन्याचा माझा डबा तुम्हाला. सराव झाला पाहिजे तुमचा."

तेव्हा काका पुढे आले. त्यांचा आवाज आधीच हळू, त्या दिवशी तर कान देऊन ऐकावा लागत होता.

"भाऊ, तू घरी आला होतास ना. तेव्हा होते. नऊ डबे होते कपाटात."

"ठाऊक आहे, काका."

"ठाऊक होतं?"

"तुमच्या हाताला तेलाचा वास येत होता. आता लेथ नाही, रायफल सूनबाई साफ करते. मग म्हातारा तेल कशाला लावत असेल? जपलेल्या काडतुसांनाच ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

भाऊंनी खाली बघितलं. "तुमच्या दारात उभं राहून तुम्हाला खोटं पाडू? मला जमलं नाही ते."

काकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते उरलेले आठ डबे घेऊन आले. पंचांनी त्यातली काही मारून पाहिली. निम्मी फुसकी. बाकीची मारायला कुणी तयार नव्हतं. काकांनी स्वतः एकेक काडतूस उचलून लाल डब्यात ठेवलं, तसंच, पाखराचं पिलू ठेवावं तसं. सूनबाई शेजारी बसून त्यांना पुढचा डबा देत होती. तिसऱ्या डब्याला ती म्हणाली, "बाबा, यापुढे आणलं की मारायचं. शिळं करायचं नाही."

"हो."

"आणि जास्तीचं असलं तर द्यायचं."

"हो, गं."

"आणि तेल फक्त दाराच्या बिजागरीला."

काका हसले. डोळे पुसायला हात वर नेला, बोटांचा वास आला असावा, तसाच खाली आणला.

आता इथे वाळूत आम्ही दाटीवाटीने पडलोय. चार दिवसांनी गाडी येईल आणि आम्हाला नेऊन निकामी करतील. त्याचं मला दुःख नाही. मला लाज वाटते ती त्या अर्ध्या मिनिटाची, आणि त्याआधीच्या सगळ्या रविवारांची. भाऊ दारात पाच काडतुसं मागत होते तेव्हा त्या पाचांत मी असतो, तर एखाद्या साध्या सरावाच्या दिवशी एखाद्या साध्या कागदावर माझं एक भोक पडलं असतं. ते कुणी जपूनही ठेवलं नसतं. पण मी उडालो असतो.

तुमच्या कपाटात असं काही जपून ठेवलेलं असेल, तर आज एकदा किल्ली लावून बघा. आणि कुणी दारात मागायला उभं असेल, तर आधी त्याला आत घ्या.