मैनेला उठवताना

गावात काहीही अडलं की मला फोन येतो. विहिरीत मोटार पडली, कल्याणला बोलवा. ट्रॉली उलटली, कल्याणचा जेसीबी आणा. पण शनिवारी मी दिवसभर बाहेरगावी कामावर होतो, रविवारी सकाळी आक्काबाईचा फोन आला, "आरं, माझ्या उसात हत्ती पडलाय," तेव्हा मला वाटलं, म्हातारी झोपेत बोलतेय.

झोपेत नव्हती. राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून तिचा ऊस आहे. त्यात बांधाजवळच्या सरीत एक हत्तीण कुशीवर आडवी पडली होती. मैना तिचं नाव. गोरक्षनाथ नावाचा साधू तिला गावोगाव फिरवायचा. लोक नारळ, गूळ, चार पैसे ठेवायचे, त्यावर दोघांचं पोट चालायचं. डांबरावर चालून तिचे तळपाय चिघळले होते. आदल्या दिवशी भर उन्हात तिला पाटाचं पाणी दिसलं, तशी ती रस्ता सोडून उसात शिरली आणि बसली ती बसलीच.

गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या धनश्री मॅडम रात्रभर तिथंच होत्या. आयुष्यभर गाई-म्हशी तपासलेली बाई. आता मोबाईल कानाला लावून कुठल्यातरी हत्तींच्या डॉक्टरांना विचारत सलाईन बदलत होती. मला म्हणाल्या, "एवढं वजन एका कुशीवर राहिलं की फुफ्फुसं दबतात. संध्याकाळपर्यंत उभी राहिली नाही तर संपलं."

मांडववाल्याने सावलीला कापड ताणलं होतं. पाण्याचा टँकर आला होता. आक्काबाई तुडवलेल्या उसाकडे बघून शिव्या घालत होती आणि स्वतःच उभा ऊस तोडून मैनेपुढं टाकत होती. रस्त्यावर वनखात्याचा मोठा ट्रक उभा होता. मैनेला हत्तींच्या देखभाल केंद्रात न्यायचा हुकूम आधीच निघाला होता. ते तिला शोधतच होते.

माझा जेसीबी तिला उचलणार नव्हता, नुसता आधार देणार होता. उठायचं तिचं तिलाच होतं. आम्ही तिच्या पोटाखालची माती उकरून रुंद पट्टे घातले. गोरक्षनाथ तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "उठ, बाई." मी पट्टे ताणले. मैनेनं खरंच जोर लावला. पुढचे पाय रोवले, अर्धी उठली, आणि पाय सटकून धाडकन पुन्हा खाली. तिचा तो आवाज मला परत ऐकायचा नाही.

मॅडमनी पायाखाली हात फिरवला. "हे तेल कुठून आलं?"

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आदला दिवस शनिवार. शनिवारी काळं काही दिसलं की आमच्याकडं तेलाची बाटली उघडते. शिंगणापूरला निघालेले भाविक गाड्या थांबवून तिच्या पायांवर तेल ओतून गेले होते, आणि गावातल्या बायकांनीही मागं राहायचं नाही म्हणून आपापली वाटी रिकामी केली होती. पायाखालचा सगळा चिखल तेलकट झाला होता. भक्तीपुढं कुणाचं काय चालतं!

मग दुपारभर तेच काम. तेलकट माती खरवडली, तिचे पाय राखेनं चोळले, खाली पाचट अंथरलं. ज्यांनी तेल ओतलं त्याच बायका पाट्या भरभरून चुलीतली राख आणत होत्या, मान खाली घालून. कुणाच्याच अंगात त्राण उरलं नव्हतं. मला तर जेसीबीच्या सीटवरच झोप लागत होती.

मधल्या वेळात वनखात्याच्या साहेबांनी गोरक्षनाथला सांगून टाकलं, की त्याला सोबत येता येणार नाही. तिकडं त्यांची माणसं आहेत. तो मैनेच्या पायाला राख चोळत राहिला.

दुसऱ्यांदा पट्टे ताणले. सगळे ओरडायला लागले, "उठ, उठ!" मैनेनं कानसुद्धा हलवला नाही. ती गोरक्षनाथकडं बघत होती. आणि तो गप्प.

"बाबा, बोला ना," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

तो गप्पच. मला असा संताप आला की खाली उतरून त्याची मानगूट धरावी. पण त्याचं तोंड बघितलं आणि जागच्या जागी बसून राहिलो. ती उठली की ट्रकात जाणार, हे त्याला कळत होतं. तो एक शब्द त्याच्याकडं होता, बाकी काही नव्हतं.

आक्काबाई उसाचं कांडं टाकून त्याच्यापुढं उभी राहिली. "आरं बाबा, मेल्यावर तरी ती तुझ्यापाशी ऱ्हानार हाय का? जित्ती जाऊ दी."

तो खाली बसला. मैनेच्या कानावर हात ठेवून हळूच म्हणाला, "उठ, बाई."

ती उठली. पाचटात पाय रोवून, थरथरत, धापा टाकत उठली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आक्काबाई मात्र बांधावर बसून पदरात तोंड घालून रडली, आणि मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

फळीवरून ट्रकात तिला त्यानंच चढवलं. खाली उतरल्यावर तो मॅडमपाशी गेला.

"तिकडच्या लोकांना सांगा, गूळ दिल्याबिगर ती पानी पीत न्हाई. आन् तिला बस म्हनू नका. बसली तर उठ म्हनाया मी न्हाई तिथं."

ट्रक गेला. आक्काबाईनं भाकरी खायला बोलावलं, तो थांबला नाही. अंकुश बांधावर टाकून शिंगणापूरच्या दिशेनं चालायला लागला.

मी जेसीबी घेऊन घरी निघालो, तर तो पुढं रस्त्यात. डांबराच्या अगदी कडेनं चालत होता, एक हात बाजूला थोडा वर धरून, जसा रोज तिच्या अंगावर टेकवून चालत असेल.

"बसा बाबा, सोडतो," मी म्हणालो. त्यानं नकाराची मान हलवली. मग मी गिअर टाकला आणि त्याच्या मागं मागं हत्तीच्या चालीनं जात राहिलो. मागून टेम्पोवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. मी बाजू दिली नाही.