साक्षीदाराचा रकाना

हॉटेलात हिशेबाचं काम करणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिची काय मजा असेल! झुंबरं, गालिचे, फुकटचं जेवण. अहो, कसलं काय! प्रणिता सबनीस दिल्लीच्या एअरपोर्टजवळच्या त्या मोठ्या हॉटेलात चौदा वर्षं नोकरीला होती आणि तिची खोली होती तळघरात, लाँड्रीला लागून. खिडकी नाही. वर पाचशे रुपयांची कॉफी पिणाऱ्यांना खाली अशी माणसं बसतात याचा पत्ताही नसतो. सकाळी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरातून निघायचं, कालच्या दिवसाचा रुपयान्‌रुपया जुळवायचा आणि संध्याकाळी घरी यायचं. पण बाई कामाची पक्की. साधी ऑडिटर म्हणून लागली होती, आणि येत्या सोमवारी डायरेक्टर ऑफ फायनान्स म्हणून बढतीचं पत्र तिच्या हातात पडणार होतं. नवरा श्यामकांत मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. त्याने तर ऑफिसात आधीच मिठाई वाटून टाकली होती.

नेमकी त्याच आठवड्यात हॉटेलने तळघरातली जुनी तिजोरी काढून टाकायला घेतली.

ही तिजोरी म्हणजे भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, वरच्या बाजूला पत्रपेटीसारखी फट. शिफ्ट संपली की कॅशियरने रोकड पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं आणि फटीतून आत टाकायचं. मग रजिस्टरमध्ये त्याची सही, आणि शेजारच्या रकान्यात, पाकीट टाकताना पाहिलं म्हणून साक्षीदाराची सही. नियम असा होता. पण प्रत्यक्षात बघायला उठतंय कोण? आठवडा संपला की अकाउंट्समधलं कुणीतरी चहाचा कप हातात घेऊन सगळे रकाने एका दमात भरून टाकायचं. सगळेच तसं करत.

एकटा अंबादास गेडाम तसं करू देत नसे. वर्ध्याकडचा माणूस, फ्रंट ऑफिसला कॅशियर. दुपारी तीनला त्याची शिफ्ट संपायची. तो तळघरात यायचा, दारात उभा राहून म्हणायचा, "ताई, जरा येता? बघा हं, टाकतोय." दिल्लीत कुणीतरी मराठीत बोलतंय म्हणून नवी नवी प्रणिता उठून जायचीही. पाकीट आत गेलं की तो मान वळवून विचारायचा, "बघितलंत ना?" मग ती सही करायची. बाकीचे हसायचे त्याला.

आणि गंमत बघा, हरवलं ते त्याचंच पाकीट. दुसऱ्या दिवशी सकाळी तिजोरी उघडली तर बाकीची सगळी पाकिटं होती, अंबादासचं नव्हतं. आत अठरा हजार पाचशे रुपये होते. त्या वेळचा फायनान्सचा साहेब, अनुराग सूद, याने प्रणिताला बोलावलं. गोड बोलायचा फार. म्हणाला, "देखो, तू पाहिलंस असं लिहिलंस, तर पैसे तिजोरीतून गेले असं होतं. आणि चावी माझ्याकडे असते. उगाच कशाला? लिहून दे, सही नंतर केली. सगळेच तसं करतात." प्रणिता प्रोबेशनवर होती. तिने पाहिलं होतं. अंबादासचा हात, ते पिवळट पाकीट, ती फट, सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी तिने लिहून दिलं, 'मी प्रत्यक्ष पाहिले नाही, सही नंतर केली.' अंबादासची नोकरी गेली, पैसे त्याच्या पगारातून कापले, आणि पुढच्या महिन्यात ही कायम झाली. त्यानंतर हिची झोपबीप काही उडाली नाही हं. खोटं कशाला सांगू? छान झोपायची. आपला काही इलाज नव्हता, असं तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं.

बुधवारी कारागिरांनी तिजोरी कापली आणि फटीच्या मागच्या पत्र्यात अडकलेलं पाकीट निघालं. वर तारीख होती, अंबादासची सही होती. आत जुन्या पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा, ज्यांना आता कुणी चण्या-फुटाण्याच्या पुडीसाठीही घेणार नाही. जनरल मॅनेजर म्हणाला, "फाइल क्लोज करा. गेडामच्या घरच्यांना कळवायची काही गरज नाही." अनुराग सूद कधीच हॉटेल सोडून गेला होता. खरं काय ते माहीत असलेली आता एकटी प्रणिताच.

त्याच दुपारी तीन वाजता ती कागद तपासत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला, "ताई, जरा येता?"

सवयीने ती उठली. बाहेर आली. तिजोरी होती तिथे आता नुसता ओल्या सिमेंटचा चौकोन होता. त्याच्यापुढे अंबादास पाठमोरा उभा. तोच कोट, कोपरांवर घासून चकचकीत झालेला. एका हातात पाकीट होतं आणि दुसऱ्या हाताने तो भिंत चाचपत होता. फट शोधत होता बिचारा. मग मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिलं, ती बघते आहे ना याची खात्री करायला. प्रणिता आत पळाली, दार लावलं आणि कडी घातली.

गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी ती मुद्दाम तीनच्या आधी वर लॉबीत जाऊन बसली. लग्नाची वरात आली होती, ही गर्दी! त्या गर्दीत तो संगमरवरी खांबावर तळहात फिरवत उभा होता. शनिवारी तिने रजाच टाकली आणि लेकीला, क्षिप्राला घेऊन सरोजिनी नगरच्या बाजारात गेली. शंभर-शंभरच्या टॉपांचे ढीग, माणसांची रेटारेटी, विक्रेत्यांचा आरडाओरडा. आणि एका दुकानाच्या ताडपत्रीवर तो हात फिरवत होता, हळूहळू, वरपासून खालपर्यंत.

"आई, किधर देख रही हो?" क्षिप्राने विचारलं. "कोणी ओळखीचं आहे का?"

"नाही गं," प्रणिता म्हणाली. म्हणताना तिला स्वतःचीच शिसारी आली. पुन्हा तेच, नाही पाहिलं.

रविवारी तिने जुन्या फाइलीतून पत्ता काढला आणि नोटा काढून घेतलेलं ते रिकामं पाकीट पर्समध्ये घालून फरीदाबाद गाठलं. मनात ठरवलं होतं की पाकीट द्यायचं, हॉटेलला सापडलं म्हणायचं, माफी मागायची ती हॉटेलच्या वतीने. स्वतःचं नाव काढायचं नाही. सोमवार एकदा पार पडू दे, मग पुढचं पुढे.

कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एका खोलीचं घर. दार भीमाबाईंनी उघडलं, अंबादासची बायको. कपड्यांच्या कारखान्यात काजं करायचं काम करत होत्या. भिंतीवर फोटो होता, फोटोला हार होता.

"तीन वर्षं झाली," भीमाबाई म्हणाल्या. "किडनीने गेले. तुम्ही हॉटेलातल्या का? बसा."

प्रणिताने पाकीट पुढे केलं आणि ते कुठे सापडलं ते सांगितलं. भीमाबाईंनी नवऱ्याची सही ओळखली. तिच्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे खरंच टाकलं होतं यांनी," त्या म्हणाल्या. "मी नाही मानलं हो. सगळी वस्ती चोर म्हणायची, मीही म्हणायचे. रोज जेवताना विचारायचे, कुठे घातलेत पैसे? बाईवर उडवलेत का? दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा म्हटलं, आता तरी खरं बोला. तर म्हणाले, हो, मीच घेतले. आता झोपू दे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, सुटले एकदाचे, बोलून टाकलं."

प्रणिता पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

"ते एक सांगायचे," भीमाबाई म्हणाल्या, "की अकाउंट्समध्ये एक मराठी ताई होत्या, त्यांनी बघितलंय. मी म्हणायचे, बघितलं असतं तर बोलल्या नसत्या का? आपल्याकडच्या बाईने असं केलं असतं का? खरंच होत्या का हो कुणी?"

आता बघा, किती सोपं होतं. 'होत्या, पण सोडून गेल्या,' एवढंच म्हणायचं. सोमवारचं पत्र सुखरूप, श्यामकांतची मिठाई सुखरूप. प्रणिताच्या ओठांवर ते वाक्य आलंही. पण समोर ती बाई पाकीट छातीशी धरून बसली होती.

"मीच ती," प्रणिता म्हणाली. "मी पाहिलं होतं. नोकरीसाठी खोटं लिहून दिलं. उद्या ऑफिसात खरं काय ते लेखी देते."

तिला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. भीमाबाई नुसत्या बघत राहिल्या. त्या नजरेने घाबरून प्रणिता बोलतच सुटली. अंबादास रोज तीनला येतात, भिंती चाचपतात, बाजारातसुद्धा दिसले, सगळं तिच्या तोंडून निघून गेलं.

भीमाबाई एकदम पुढे सरकल्या. "तुम्हांला दिसतात?"

"रोज."

"माझ्या तर स्वप्नातसुद्धा नाही आले कधी. तीन वर्षांत एकदा नाही." त्यांचा आवाज चिरकला. "तुमच्याकडे येतात आणि माझ्याकडे येत नाहीत. उद्या आले तर एवढं सांगा त्यांना. म्हणावं, भीमाचं चुकलं. घरी या म्हणावं. सांगाल ना?"

सांगते म्हणून प्रणिताने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि आपला नंबर लिहून दिला.

सोमवारी सकाळी तिने जनरल मॅनेजरच्या टेबलावर दोन पानांचा जबाब ठेवला. त्याने तो वाचला, कपाळाला हात लावला आणि डायरेक्टरचं पत्र परत ड्रॉवरमध्ये टाकलं. आता आधी चौकशी, नोकरी राहते की जाते ते नंतर. प्रणिताला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. खाली येऊन ती घड्याळाकडे तोंड करून बसली. भीमाबाईंचा निरोप तिने शब्दाला शब्द पाठ केला होता.

तीन वाजले. कुणी आलं नाही. सव्वातीनला ती उठून बाहेर गेली, सिमेंटच्या चौकोनापुढे उभी राहिली. "अंबादासभाऊ," तिने हळूच हाक मारली. लाँड्रीतला पोरगा चमकून बघायला लागला. ती लॉबीत जाऊन आली, पार्किंगमध्ये जाऊन आली. ज्याच्या भीतीने पाच दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, त्याची ती आता देवासारखी वाट बघत होती. सहा वाजेपर्यंत थांबली. तो आला नाही, आणि आता तो कधीच येणार नाही हे तिला आतून कळून चुकलं. त्याचं काम झालं होतं.

साडेसहाला फोन वाजला.

"ताई," भीमाबाई म्हणाल्या, "आले होते का?"

खरं बोलायचं असं तिने कालच ठरवलं होतं. खरं बोलायला तोंडही उघडलं.

"हो," प्रणिता म्हणाली. "आले होते. सांगितलं मी."

पलीकडे बाई रडायला लागल्या, मोकळ्याने, पोरीसारख्या. मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "मग? काय म्हणाले?"