सुलाबाईच्या पिशवीतली चपटी

मी एक बाटली बोलतेय. देशी दारूची, काचेची. लोक मला चपटी म्हणतात. मुरडलंत ना नाक? मुरडा. चार लोकांत मला कोणी ओळख दाखवत नाही, आणि चार लोक उठून गेले की त्यांतलेच दोघे मला शोधत परत येतात.

मी दमले आहे. हे आधीच सांगून टाकते.

फुटक्या काचा वितळवून भट्टीत मला ओतलं, म्हणजे जन्मले तेव्हाच मी जुनी होते. पुढे काय, भरली, विकली, रिकामी झाली, गटाराच्या कडेला पडली. भंगारवाल्यानं पोत्यात घातली, धुतली, पुन्हा भरली. बाकीच्या वस्तूंना एक आयुष्य मिळतं. मला तेच ते आयुष्य कितीदा मिळालं, मलाही सांगता येणार नाही.

माणसांच्या तऱ्हा मी फार जवळून पाहिल्या. माझं झाकण उघडताना जो तो म्हणतो, "ही आजची शेवटची." शेवटचा थेंब सुटू नये म्हणून पाणी घालून मला विसळतात आणि तेही पितात. बायकोला शिव्या देतात, मग तिच्याच नावानं गळा काढतात. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतात, आणि तो हात अजून ओला असतो. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. नंतर नंतर ऐकायचं सोडून दिलं.

कुपवाडला कारखान्यांच्या मागे बाटल्या धुण्याचं एक गोदाम आहे. तिथे सोड्याच्या पाण्याच्या टाक्या असतात आणि टाक्यांभोवती बायका पाटावर बसलेल्या. लेबल खरवडायचं, ब्रश आत घालून फिरवायचा, विसळून क्रेटमध्ये ठेवायचं. सोड्यानं हाताची सालं निघतात, फुटकी काच कधी बोटात घुसेल सांगता येत नाही. तिथल्या खातूनबीच्या अंगठ्याच्या रेषा अशा झिजल्या होत्या, की रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखतच नव्हतं. "मी मेले असं वाटतंय त्या मशीनला," असं म्हणून ती हसायची.

तिच्या शेजारी सुलाबाई बसायची. तिचा नवरा टेंपो चालवायचा. तो पोटात पाणी होऊन गेला, तेव्हा मुलगा शिवतेज शाळेत होता. सुलाबाईला दुसरं काम मिळालं नाही. ज्या बाटलीनं तिचं घर मोडलं, तीच धुऊन तिनं घर चालवलं. मुलाला आयटीआय शिकवलं, कुपवाडलाच लेथवर लावलं, साताऱ्याकडच्या कोरेगावची माया सून करून आणली. नात झाली. गोदामातून आपल्या गावी परत जाताना सुलाबाई खातूनबीला म्हणायची, "आता निवांत झालं बघ." मी टाकीत बुडालेली असायचे. निवांतपणावर माझा फारसा विश्वास नव्हता, पण मला विचारतो कोण?

मग एके दिवशी मी तिच्याच घरात निघाले. न्हाणीत, पाण्याच्या पिंपामागे. शिवतेजनं मला त्यांच्या गावातल्या दारूच्या दुकानातून, एसटी स्टँडजवळून आणलं होतं आणि रिकामी करून तिथे दडवलं होतं.

सुलाबाई ओरडली नाही. हाताला सवयच ती, तिनं आधी माझं लेबल खरवडलं, मला स्वच्छ धुतलं, आणि मग धुतलेली बाटली हातात घेऊन तिथेच बसून राहिली. दारात माया उभी होती.

"आत्या, तुमाला आज कळलं. मला लगीन झाल्यापास्नं म्हायती हाय," माया म्हणाली. "दुकान वाटंवरच हाय. कामावरनं उतरलं की ह्यांचा पाय तिकडंच वळतोय. मी पोरीला घिऊन कोरेगावला जाते. तुमी न्हाई गेलासा, तुमाला म्हायेर न्हवतं. मला हाय."

सुलाबाईनं मला पदरानं पुसलं. मग म्हणाली, "जरा थांब. मला येळ दे. दुकान बंद करून दावते."

हे ती कशाच्या जिवावर बोलली, कोण जाणे. पण बोलली खरी. दुसऱ्या दिवशी तिनं मला कापडी पिशवीत टाकलं आणि बचत गटाच्या बैठकीत सतरंजीवर आणून आडवं ठेवलं. बायका जरा मागे सरकल्या.

शेजारच्या गावात असंच दुकान बंद झालं होतं, ते कसं ते तिनं सांगितलं. गावातल्या बायकांनी सह्या करून मागणी केली की फक्त बायकांचं मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान चालू हवं तर उभीवर शिक्का, बंद हवं तर आडवीवर. पण एक मेख आहे. गावच्या यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडावे लागतात. जी बाई आलीच नाही, ती न बोलता दुकानाच्या बाजूची धरली जाते.

"म्हंजे घरात बसली तरी उभीच?" खातूनबीनं विचारलं.

"व्हय. बसली तरी उभीच."

तेव्हापासून सुलाबाई कार्यकर्ती झाली. कोणी हार घालून केली नाही. सकाळी गोदाम, संध्याकाळी दारोदार, आणि कधी गोदामाला खाडा करून, अर्जासाठी सांगलीच्या कचेरीचा जिना. पिशवीत मी होतेच. प्रत्येक उंबऱ्यात मला बाहेर काढायची, उभी करायची, आडवी करायची. "ही न्हाई, ही." मला गरगरायचं. तिच्या गुडघ्यांचं काय होत होतं ते तिलाच ठाऊक, पण पायरी उतरताना ती भिंत धरायची.

लोक बोलायला कमी करत नाहीत. "बाटल्या धुऊन खाती आन बाटली आडवी करायला निघाली," असं पारावरून ऐकू यायचं. गोदामाचा मालक दिग्विजयही एकदा म्हणाला, "सुलाबाई, आपल्याच ताटात माती कालवायलीस."

"मालक, गावात दुकान एकच हाय," ती ब्रश फिरवता फिरवता म्हणाली. "तुमच्याकडं बाटल्या साऱ्या मुलखातनं येत्यात. एका गावानं तुमचं काय अडतंय?" त्याचं काही अडत नव्हतं, म्हणून तो गप्प बसला.

एका वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, रणरागिणी. खातूनबीनं सगळ्यांना वाचून दाखवलं. सुलाबाई म्हणाली, "पाठ दुखती म्हणून सांगितलं हुतं त्येला. ते न्हाई छापलं."

आता चूक कशी झाली ते ऐका. खातूनबीचा मुलगा अश्फाक पाट्या रंगवतो. त्यानं मतदानाआधी गावच्या भिंती फुकट रंगवून दिल्या. मला समोरच्या कट्ट्यावर ठेवून त्यानं माझं चित्र काढलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याकडे एवढा वेळ पाहत होतं आणि त्याला माझ्यातलं काही प्यायचं नव्हतं. मी ताठ उभी राहिले. चित्र झक्क उतरलं, पुरुषभर उंचीची उभी बाटली आणि तिच्यावर ही भली मोठी लाल फुली. शाळेजवळ, चावडीवर, पाण्याच्या टाकीवर, जिकडे पाहावं तिकडे. सगळ्यांना आवडलं. सुलाबाईलाही आवडलं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे बायकांची रांग लागली. म्हाताऱ्या आल्या, बाळंतिणी आल्या. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न घेणाऱ्या पद्मावती अक्का नातसुनेचा हात धरून सगळ्यांत पुढे. माया मत देऊन आली आणि सासूकडे बघून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं.

संध्याकाळी मोजणी झाली. थोड्याच शिक्क्यांनी गेलं. दुकानापुढे फटाके वाजले, गुलाल उडाला. सुलाबाई शाळेच्या पायरीवर बसली होती आणि पद्मावती अक्का तिला शोधत आल्या. त्यांना अजून निकाल कळला नव्हता.

"सुला, मी काय केलं सांगू?" अक्का तिच्याशेजारी टेकल्या. "त्या उभ्या बाटलीच्या बरोबर टाळक्यात शिक्का हाणला बघ. भिंतीवर हाय तसा. आमच्या गल्लीतल्या समद्या म्हाताऱ्यास्नी तसंच सांगितलंय."

सुलाबाईच्या मांडीवरची पिशवी खाली घसरली. मी आत होते, मला लागलं. काय झालं ते तिला कळलं, मलाही कळलं. महिनोन् महिने ती मला आडवी करून दाखवत होती, पण भिंती तिच्यापेक्षा मोठ्या होत्या. फुली मारायची म्हणजे मोडीत काढायचं, एवढं प्रत्येक म्हातारीला येतं. त्यांनी भिंतीवर पाहिलं तसंच इमानानं केलं आणि दुकान वाचवलं.

"बरं केलंसा, अक्का," सुलाबाई म्हणाली. "चला, अंधार पडंल. घरी सोडते तुमास्नी."

दोन दिवसांनी मायानं आपली कपड्यांची पिशवी भरली. सुलाबाईनं अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं? तिनं स्वतः दोघींना साताऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. नातीच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला. शिवतेज घरी आला तेव्हा घर रिकामं होतं. तो रडला, आईच्या पाया पडला, शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी मोडली. त्याची नोकरी अजून आहे, एवढंच.

मला वाटलं, आता तरी मला भंगारात टाकतील. पण नियम असा, की पुन्हा मतदान मागायचं तर वर्षभर थांबायचं. सुलाबाई थांबली. वर्ष सरलं आणि पुन्हा सह्या, पुन्हा तोच जिना. अश्फाकनं आपल्या हातानं सगळ्या भिंतींवर चुना मारला. आता तिथे नुसती आडवी बाटली आहे आणि तिच्यावर शिक्का. पद्मावती अक्कांनाही खरं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक दिवस उपास धरला आणि पारणं झाल्यावर घरोघर जाऊन सांगायला लागल्या, "मी चुकले बायांनो, तुमी चुकू नका."

तरी भागत नव्हतं. सुलाबाई आणि खातूनबी यादीतली नावं एकेक करून वाचत बसल्या, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गावात नसलेल्या बायका पुष्कळ होत्या. कोणी मिरजेला भावाकडे, कोणी महाबळेश्वरला हॉटेलात भांडी घासायला, कोणी पुण्यात. त्या का गेल्या, ते गावाला ठाऊक होतं. दारूपायीच गेलेल्या त्या बायका यादीत अजून होत्या, आणि आल्या नाहीत तर दुकानाच्याच बाजूनं धरल्या जाणार होत्या. इतक्या पावसाळ्यांत मी भल्याभल्यांना फिरवलं, पण असली फिरवाफिरवी मलाही कधी जमली नव्हती.

"मायाचंबी नाव हाय गं," खातूनबी हळूच म्हणाली.

परवा आम्ही कोरेगावला गेलो. माया तिथे आल्याचे कंद धुण्याच्या कामावर जाते. तिची बोटं लाल झाली होती, पण अंग भरलं होतं. नात आधी आजीला बुजली, मग मांडीवर येऊन बसली. चहा झाला. सुलाबाईनं पिशवी पायाशी ठेवली होती.

"ऐतवारी पुन्यांदा मतदान हाय."

मायानं कप खाली ठेवला. मग तिनं सरळ विचारलं, "आत्या, ह्यांनी सोडली?"

मला वाटलं, आता ही व्हय म्हणेल. एवढंसं खोटं. त्या एका शब्दावर सून येईल, नात येईल, मतही येईल. मी असल्या हजार खोट्या शपथा ऐकल्या आहेत, त्यात ही एक खपून गेली असती. सुलाबाईनं नातीच्या केसांवरून हात फिरवला.

"न्हाई," ती म्हणाली. "सोडली न्हाई. मी घरात ऱ्हायला बोलवाय आले न्हाई, माया. नगं ऱ्हाऊस. फकस्त शिक्का मारायला ये. सांजच्या गाडीत मी सोता बसवून देते तुला."

मायाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं नाक पुसलं आणि पोरीला सासूच्या मांडीवरून उचललं नाही. "येते," म्हणाली. "सकाळच्या गाडीनं येते. आन तिकडनं आलेल्या आनखी दोगीजणी हायत हितं. त्यास्नीबी आणते."

परतीच्या गाडीत सुलाबाई खिडकीला डोकं टेकून झोपली. एवढं गाढ झोपलेलं मी तिला पूर्वी पाहिलं नव्हतं. कंडक्टरनं दोनदा हाक मारली.

आता मी तिच्या फळीवर आहे. रविवार जवळ आला आहे. जिंकणार की हरणार, मला सांगता येत नाही. शिवतेजची दारू सुटेल की नाही, तेही नाही. एक दुकान बंद झालं म्हणून दारू जगातून जात नाही, हे माझ्यापेक्षा चांगलं कोण जाणतं? मला आता भरू नका आणि धुऊही नका, एवढंच माझ्यापुरतं मागणं होतं.

पण तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या शेजारी, तुमच्या गल्लीत, एखादी बाई भावाच्या घरी राहत असेल. मूल कडेवर घेऊन आलेली, परत कधी जाणार असं कोणी विचारलं की भांडी घासायला उठणारी. आमच्याकडची असेल तर तिला एवढा निरोप द्या. गावाचं नाव मी सांगत नाही, तिला ते ठाऊक आहे. तिला म्हणावं, तुझं नाव अजून तिथल्या यादीत आहे. कोणी तुला नांदायला बोलवत नाही. रविवारी सकाळी ये, शिक्का मार, आणि संध्याकाळच्या गाडीनं खुशाल परत जा. सुलाबाई स्टँडवर उभी असेल.