नागोजींचा बेंडर

मी बेंडर बोलतोय. खोबणीचं एक चाक, त्याला टेकणारा लहानसा रूळ आणि हातभर लांब दांडा, एवढाच माझा पसारा. गाडीच्या पोटाखालून ब्रेकचं तेल नेणारी किंवा टाकीतून पेट्रोल नेणारी धातूची बारीक नळी नुसत्या हातांनी वाकवायला गेलात, तर ती वळणावर पिचकते. माझ्या खोबणीतून गेली तर वळूनही गोल राहते.

मला नागोजींनी घडवलं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ते फिटर होते. तिथे यंत्रांना तेल पुरवणाऱ्या नळ्या बनत. बाजारातून आणलेला बेंडर नळीवर चरे पाडायचा, म्हणून पाळी संपल्यावर लेथवर उभं राहून त्यांनी माझं चाक कापलं. खोबण केसभर सैल झाली तरी नळी चपटी होते. तीन चाकं वाया गेली, चौथं जमलं. तेव्हा त्यांनी खोबणीतून अंगठा फिरवला आणि कन्नडमध्ये स्वतःशीच म्हणाले, "सरी." म्हणजे, बरोबर. माझं बारसं म्हणाल तर तेच.

पुढे बावीस वर्षं आम्ही दोघांनी नळ्या वाकवल्या. मग कारखाना बंद पडला. मालकांनी जुन्या माणसांना सांगितलं, आठवण म्हणून हवं ते एक घेऊन जा. कुणी पंखा नेला, कुणी भिंतीवरचं घड्याळ. नागोजींनी मला टॉवेलात गुंडाळून बसने दासरहळ्ळीच्या घरी आणलं. त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, मला पाहिलं आणि घरात याचं काय करायचं, असं विचारलं.

उत्तर सगुणाबाईंनीच शोधलं. गच्चीवर पापड वाळत घातले, की चादर उडू नये म्हणून तिच्या एका कोपऱ्यावर माझं वजन. मला वाईट वाटलं नाही असं नाही. दांड्याच्या सांध्यात गंज चढत होता. पण पापडांमुळे मी भंगारात गेलो नाही, हेही खरंच. त्या चादरीचे माझ्यावर उपकार आहेत.

गेल्या वर्षी नागोजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोलणं राहिलं, पण अर्धं. शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत. दिवसचे दिवस ते खुर्चीत बसून राहायचे. आठवड्यातून दोनदा त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. मुलगा रणजीत सकाळीच कोरमंगलाला कामावर जायचा, म्हणून सून चंदनाच आपली जुनी व्हॅन काढायची. चंदना घरी ब्लाउज शिवते. बोलते कमी, पाहते जास्त.

एका सकाळी नागोजींना शेजारी बसवून तिने व्हॅन फाटकाबाहेर काढली. रस्ता उताराचा. ब्रेक दाबला, तर पेडल सरळ खाली गेलं. तिने हातब्रेक ओढला. व्हॅन समोरच्या घराच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. चंदना खाली उतरली आणि रस्त्यातच बसली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे रघुपती आले, गाडीखाली शिरले. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली होती. इतक्या जुन्या गाडीची तयार नळी आता मिळत नाही. सरळ नळी मिळेल, पण इतकी वळणं हाताने काढताना ती कुठेतरी पिचकणारच, आणि ब्रेकच्या बाबतीत तसलं काम मी करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. संध्याकाळी रणजीत म्हणाला, विकून टाकू, कॅबने जाऊ. तो चुकीचं बोलत नव्हता. पण कॅबमध्ये चढता-उतरताना नागोजींचे किती हाल होतात, ते चंदनाने पाहिलं होतं.

तेव्हा खुर्चीतून नागोजींचा आवाज आला. "बें... बेंडर."

कुणालाच काही कळेना. सगुणाबाई मात्र तडक गच्चीवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी चंदनाने नवी नळी आणली आणि घाईघाईत गुडघ्यावर ठेवून वाकवून पाहिली. नळी मधोमध पिचकली. नागोजींनी डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटली. मग तिला जवळ बोलावून तिचं बोट त्या पिचकलेल्या जागेवर ठेवलं. आत तेलाला वाटच उरली नव्हती. "इथं," ते म्हणाले, "जीव." पुढचे शब्द आले नाहीत, पण चंदनाला कळलं: इथं नळी पिचकली, तर गाडीतल्या माणसाचा जीव जाईल.

त्या दिवसापासून त्यांची शिकवणी सुरू झाली. माझ्या सांध्यात तेल पडलं. शिवणाचा दोरा जुन्या नळीच्या वळणावळणांवरून फिरवून चंदनाने लांबी घेतली. माप घेतल्याशिवाय कातर लावायची नसते, हे तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. मऊ तार जुन्या नळीबरहुकूम वाकवून तिने नमुना केला. दुसरी नळी कापून आतली कड घासली. जोड घट्ट बसावा म्हणून रघुपतींनी नळीचं एक तोंड नट घालून फुलवून दिलं. दुसऱ्या टोकाचा नट सुट्या भागांच्या ताटलीतच राहिला होता. नागोजींनी काठीने ताटली वाजवली. टोकाजवळची वळणं काढून झाल्यावर तो नळीवर सरकला नसता आणि सगळी नळी वाया गेली असती. चंदना हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

मग एकेक वळण. खूण माझ्या चाकाशी जुळवायची, दांडा एका दमात पण हळू ओढायचा. चुकलं म्हणून उलटं वाकवायचं नाही, नळी तिथेच मोडते. "स्वल्प... स्वल्प," थोडं थोडं, असं नागोजी म्हणत राहिले.

शेवटचं वळण मागच्या चाकाजवळचं, अगदी काटकोनातलं. चंदनाने दांडा खुणेपर्यंत आणला आणि सोडला. नळी जराशी मागे आली. धातूचा तो स्वभावच. म्हणून खुणेच्या किंचित पुढे जावं लागतं. नागोजींना तेच सांगायचं होतं. ओठ हलले, शब्द येईना. कपाळावर घाम आला. आणि नऊ महिने मांडीवर पडून राहिलेला त्यांचा उजवा हात उठला, हेलकावत आला आणि माझ्या दांड्यावर, चंदनाच्या हातावर टेकला. जोर कसला, फुंकरीएवढा. पण बावीस वर्षं ओळखीचा हात तो, मी चुकेन कसा? दांडा तेवढाच पुढे गेला. काटकोन बसला.

चंदनाने वर पाहिलं नाही. "मामंजी, असंच धरा," एवढंच म्हणाली. दारात सगुणाबाई पदराने डोळे टिपत होत्या.

रघुपतींनी दुसरं तोंड फुलवून नळी बसवली, ब्रेकमधली हवा काढली. चंदनाने पेडल दाबून धरलं आणि ते प्रत्येक जोडाखाली बोट फिरवत गेले. सगळे जोड कोरडे. आधी गल्लीतच, पायी चालल्यासारखी गाडी फिरवून त्यांनी खात्री केली आणि मगच चावी तिच्या हातात दिली. नळी कुणी वाकवली, असं त्यांनी विचारलं. चंदनाने खुर्चीकडे बोट दाखवलं.

आता मी पुढच्या खोलीत खिळ्यावर असतो. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, हाताला पकडीचं काम द्या. म्हणून रोज दुपारी नागोजी उरलेल्या तुकड्यांवर माझा दांडा ओढतात. काल त्यांनी एकट्याने, उजव्याच हाताने, सगुणाबाईंची बाजाराची पिशवी अडकवायला नळीचा एक आकडा केला. सगुणाबाईंनी तो डोळ्यांसमोर धरला आणि वाकडा झालाय म्हणाल्या.

नागोजींनी तो परत घेतला, वळणावरून अंगठा फिरवला. त्यांना वेळ लागला, पण वाक्य पुरं झालं.

"वाकडा असू दे. पिचकला नाही."

मी लोखंडाचा. मला हात जोडता येत नाहीत. नाहीतर नागोजी, सगुणाबाई आणि चंदना, तिघांनाही जोडले असते. तुमच्या घरी माझ्यासारखं काही धूळ खात पडलं असेल, तर ते कुणाचं होतं, ते एकदा आठवा. तो माणूस अजून घरात असेल, तर ते त्याच्या हातात द्या आणि थोडा वेळ शेजारी बसा.