रंगीत पुड्यांचा हातगुण

दवाखाना उघडण्यापूर्वीच दारात चपलांचा ढीग साचलेला असे. डॉक्टर रुग्णाची नाडी धरून डोळे मिटत. "मी काही करत नाही, नाडी सांगते, मी ऐकतो," असे पुटपुटून ते आतल्या खोलीत जात आणि खलात काहीतरी कुटत. बाहेर येई ती पुडी: गुडघ्यांना पिवळी, दम्याला गुलाबी, खाजेला हिरवी. गुलाबी सर्वांत महाग. रोगापेक्षा रंगाला अधिक भाव असतो, हा शोध वैद्यकशास्त्राला तोवर लागलेला नव्हता.

तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक तेवढे या हातगुणावर नाक मुरडत. परंतु त्यांच्या पत्नीचे गुडघे पहिल्याच पुडीने धावू लागले होते, आणि धावत्या गुडघ्यांपुढे तर्काचे काय चालणार?

"अहो, तुमच्या ग्रंथांनी मला एक जिना तरी चढवला का?" बाई विचारीत.

बाईंचा चेहरा गोल झाला, तेव्हा शेजारणींनी बाळसे म्हणून कौतुक केले. पायाच्या अंगठ्याची जखम मात्र भरेना; कडेने काळवंडू लागली. बाईंना मधुमेह होता. "विष बाहेर पडतंय," डॉक्टरांनी निदान केले आणि पुड्या दुप्पट केल्या. अंगठा जाणार, या धास्तीने प्राध्यापकांची झोप उडाली.

अशात शेजारचा दमेकरी शिंपी हसत हसत आला.

"वहिनी, घोटाळा झाला! तुम्ही तुमच्याबरोबर माझ्याही पुड्या आणल्यात ना, त्या तुमच्याकडेच राहिल्या आणि तुमच्या मला आल्या. आठवडाभर मी पिवळी खातोय."

"अगंबाई! म्हणजे मी तुमची गुलाबी? मला वाटलं, डॉक्टरांनी औषध चढवलं म्हणून रंग बदलला."

"मलाही तेच वाटलं!"

"दम कसा आहे, भाऊजी?"

"शंख फुंकीन! तुमचे गुडघे?"

"झकास!"

दोघांनी भक्तिभावाने हात जोडले. "बघा हातगुण! पुडी चुकली, पण गुण चुकला नाही."

"किंवा दोन्हींत औषध एकच आहे," प्राध्यापक म्हणाले आणि दोन्ही पुड्या घेऊन, बाईंना जवळजवळ ओढतच, मोठ्या रुग्णालयात डॉक्टर असलेल्या पुतणीकडे गेले.

प्रयोगशाळेचा निर्वाळा आला. "काका, दोन्हींत स्टेरॉइड आहे, वर खायचा रंग. औषध वाईट नाही. योग्य जागी, मोजून दिलं तर जीव वाचवतं. ते सूजही दाबतं आणि दमही. पण काकूंचा चेहरा त्यानंच सुजला आणि साखरही त्यानंच भडकली, म्हणून जखम भरत नाही. एकदम बंद मात्र करायचं नाही, हळूहळू कमी करू. आणि हे औषध चिल्लर पैशांत मिळतं."

"अंगठा?" बाईंनी विचारले.

"प्रयत्न करू, काकू."

दुसऱ्या दिवशी बाई लंगडत दवाखान्यात शिरल्या.

"काय, गुण आला ना?" डॉक्टर प्रसन्नपणे म्हणाले.

"आला. औषधाचं नाव लिहून द्या."

"छे छे! नाव फुटलं की गुण उतरतो."

"स्टेरॉइड," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "फुटलं. पिवळीत तेच, गुलाबीत तेच."

रांगेतला एकजण चिडला. "पण बाई, आराम तर पडतो ना?"

"पडतो, बाबा. मीही तेवढंच पाहिलं. पायाकडे पाहिलं नाही." त्यांनी चप्पल काढून बँडेज बांधलेला अंगठा पुढे केला. "औषध कोणतं, कशासाठी, किती दिवस, अपाय काय, हे विचारा. जो सांगेल, त्याचंच घ्या. विचारण्यानं ज्याचा गुण उतरतो, ते औषध नव्हे, दुकान आहे."

मग रांगेत उभ्या असलेल्या शिंप्याने खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारले, "डॉक्टर, यात काय आहे?"